छोटी रेकॉर्ड

"हीही नाही," साहेब म्हणाले आणि काचेपलीकडच्या मुलीला हातानेच थांबवलं.

मुलगी हिरमुसली. खरं तर ती छान गायली होती. पण साहेबांना छान नको होतं. त्यांना 'ती' हवी होती.

'ती' म्हणजे एका छोट्या रेकॉर्डवरचा आवाज. ऑफिसातली जिन्याखालची खोली रिकामी करताना नवख्या गायकांनी पाठवलेल्या, वर्षानुवर्षं न उघडलेल्या पाकिटांचा ढीग निघाला, त्यात ही रेकॉर्ड होती. वर नाव नाही, गाव नाही. त्यात नवल नव्हतं, कारण नियमच साहेबांचा. गाणं एका पाकिटात, नाव दुसऱ्या बंद पाकिटात. आधी गाणं ऐकायचं, आवडलं तरच नाव उघडायचं. आधीच नाव वाचलं की कान फितूर होतात, असं ते म्हणत. या वेळी मात्र नावाचं पाकीट उंदरांनी फस्त केलं होतं.

रॉक संगीताच्या धंद्यात साहेबांचा दबदबा होता. गॅरेजात आदळआपट करणारी पोरं त्यांनी उचलली आणि त्यांचे फोटो घरोघरच्या भिंतींवर नेले. निर्माता म्हणून सुरुवात करून ते कंपनीच्या सर्वांत वरच्या खुर्चीत जाऊन बसले. पण अलीकडे त्यांचे अंदाज सपाटून आपटत होते. मालकांनी गोड शब्दांत कळवलं होतं: वर्षअखेरपर्यंत एक नवा आवाज द्या, नाहीतर खुर्ची मोकळी करा.

आणि नेमकी तेव्हाच ही रेकॉर्ड हाती लागली.

पहिल्यांदा त्यांनी ती केबिनमधल्या प्लेअरवर ठेवली. अंगठ्याने वेगाचा खटका पुढे सरकवला. मोठ्या रेकॉर्डी सावकाश फिरतात, छोट्या जलद; छोटी रेकॉर्ड दिसली की धंद्यातल्या कुणाचाही अंगठा हेच करतो. सुई टेकली. ड्रम घाईघाईत सुटला, पाठोपाठ गिटार खेळण्यातल्यासारखी किणकिणली आणि मग एका मुलीचा बारीक, हट्टी आवाज उठला. साहेब उभेच राहिले.

दारात त्यांचा धाकटा भाऊ आला होता. कंपनीचा ध्वनिमुद्रक. साठीला टेकलेला, डोक्यावर केस नावाला नाही, तरी अख्खं ऑफिस त्याला छोट्या म्हणे. गाणं ऐकून तो दचकला. त्याचा हात प्लेअरकडे गेला, मग परत खिशात गेला.

"कसा वाटतो रे आवाज?" साहेबांनी विचारलं.

"तू सांग ना, दादा."

"अरे, वेड लागायची पाळी आहे! शब्द संपतो तिथे कसा कातरतो, ऐकलंस? हे शिकवून येत नाही. असा आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नाही."

"खरंच?"

"तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळणार?"

छोट्याने मान हलवली. "परत लाव," तो म्हणाला.

कधीकाळी छोट्याही गात असे. दादाच्या पहिल्यावहिल्या बँडमध्ये तोच गायक होता. ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी दादाने त्याला माइकवरून उठवलं. "तुझा आवाज जड आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला ओझं होतं," म्हणाला आणि त्याला काचेमागे मशीनवर बसवलं. छोट्या तिथेच रमला. कधी तक्रार नाही की टोमणा नाही.

आता मात्र त्याला एक नाद लागला होता. दोन-चार दिवस गेले की तो केबिनमध्ये डोकावे. "दादा, ती लाव ना जरा." साहेब रेकॉर्ड लावत आणि भरभरून बोलत. छोट्या ऐकताना प्लेअरकडे कधी बघत नसे. तो दादाच्या तोंडाकडे बघत बसे.

मुली येत राहिल्या, जात राहिल्या. वर्ष संपत आलं. त्यातच छोट्याचा निवृत्तीचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी तो मुलीकडे, दुसऱ्या शहरात राहायला जाणार होता. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "देवाने याला कान असा दिला, की बस. गळा तेवढा द्यायचा विसरला!"

सगळे हसले. छोट्या सर्वांत जास्त हसला.

खाली उतरताना जिन्यात त्याने विचारलं, "ती मुलगी सापडलीच नाही तर?"

"तर खुर्ची गेली," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "खुर्चीचं एवढं नाही रे. तिने किती आशेने पाठवलं असेल, आणि मी पाकीटसुद्धा फोडलं नाही. ते लागतं मनाला. भेटली तर पाय धरीन तिचे."

"वय झालं असेल तिचं."

"होऊ दे. तरी धरीन."

छोट्याने कठड्यावर हात टेकला. मग म्हणाला, "रेकॉर्ड आज घरी ने. वहिनींना ऐकव. आणि त्यांनाच लावू दे, नाहीतर सुई टेकायच्या आधीच तुझं भाषण सुरू होईल."

साहेब हसले. जाताना छोट्याने कधी नव्हे ती दादाला मिठी मारली.

घरी बायको रोजच्यासारखी मोठ्या रेकॉर्डवर जुनी गाणी लावून भाजी निवडत होती. साहेबांनी छोटी रेकॉर्ड तिच्या हातात दिली आणि बूट काढायला आतल्या खोलीत गेले. तिने मोठी उचलली, तिच्या जागी छोटी ठेवली आणि सुई टेकवली. वेगाच्या खटक्याबिटक्याच्या भानगडीत ती कधीच पडत नसे.

ड्रम सुरू झाला, पण आता त्याला कसलीच घाई नव्हती. गिटार भरदार वाजली. मग गाणं उठलं, सावकाश, खोल, जड.

साहेबांच्या हातातला बूट हातातच राहिला.

"अहो," बाहेरून बायकोने कौतुकाने विचारलं, "भावजींनी हे गाणं कधी म्हटलं हो?"