टेप काढल्यानंतर

प्रसूतिगृहाचा डेटाबेस सकाळीच कोलमडला आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कॉम्प्युटरवाली मात्र शांत होती. तिने बॅकअपची टेप ड्राइव्हमध्ये सरकवली, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमला टेपवरचं सगळं परत आणायला सांगितलं आणि निवांत चहा घेतला.

दुपारी काम फत्ते झालं. तिने टेप बाहेर काढली.

पडद्यावर नोंदी येतच राहिल्या.

तिने ड्राइव्हमध्ये बोट घालून पाहिलं. रिकामा. "अगं बाई, हे वाचतंय तरी कुठून?" भीतीपेक्षा तिला नवलच जास्त वाटलं. तिने वॉर्डातल्या सिस्टरना फोन लावून तिथल्या पडद्यावर काय दिसतंय ते विचारलं.

"जुनी बाळंतपणं सगळी आली गं," सिस्टर म्हणाल्या. "पण ही उद्याची कशी? वेळ, वजन, सगळं भरलंय."

"त्या बायका आहेत तिथे?"

"आहेत ना. समोरच पडल्यात, कळा यायच्यात अजून."

प्रोग्रॅम थांबवायची कळ तिच्या बोटाखालीच होती. पण तिला राहवेना. "सिस्टर, परवाचं बघा ना जरा."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"परवा एकच बाळ आहे," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "वेळ आहे, वजन आहे. आईच्या नावाच्या जागी 'आई नव्हती' असं लिहिलंय."