बत्तीस ग्राम

सकाळच्या रोजरीच्या प्रार्थनेला कार्मिननं खिळ्याकडे हात नेला, तर माळ जागेवर नाही. सापडली ती नवऱ्याच्या, सिप्रियनच्या, कामाच्या टेबलावर, छोट्या वजनकाट्याशेजारी.

"खाली पडलेली, उचलून ठेवली," तो शिशाचा तुकडा कापता कापता म्हणाला.

टेबलावर विमान होतं. चौदा महिने खपून त्यानं बनवलेलं, रिमोटवर उडणारं. कुठलंही विमान तयार झालं की तोलासाठी नाकात शिसं घालून, दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून तो ते उचलायचा. नाक जरासं खाली झुकलं की म्हणायचा, "बघ, वेदीपुढे मान लववतंय. हेच उडणार." दर विमानाला तिला हाक मारून दाखवायचा. आज मात्र पाठमोरा बसून त्यानं तोल पाहिला आणि मुकाट्यानं नाकावरचं झाकण लावलं.

धीर होत नसेल, तिला वाटलं. मागच्या वर्षीचं विमान वर जाताच नाक उचलून मागे कलंडलं आणि आपटलं. "शेपूट जड झालं," एवढंच तो बोलला. शेपटीखाली आपणच मेणानं चिकटवलेलं मारियामातेचं पदक तिनं चिखलातून गुपचूप वेचून घेतलं. त्याला काही कळलं नसावं. यंदा मात्र त्यानं बजावलं होतं, "हे पडलं तर पुन्हा लाकडाला हात लावणार नाय."

जूचंद्रच्या ओसाड मिठागरावर शेजारचा मायकल आधीच हजर.

"काका, विमा उतरवलाय ना? विमानाचा नाय, आमच्या टाळक्याचा!"

"तुझ्या टाळक्यात हाय काय फुटायला?" सिप्रियन म्हणाला आणि त्याला घेऊन वारा बघायला बांधाकडे निघाला. जाताना वळून म्हणाला, "कार्मिन, लक्ष ठेव. झाकणाचं रबर जरा सैल हाय."

ती एकटी उरली. तिनं रबर काढलं, झाकण उघडलं. नाकात बॅटरीच्या पुढे बोटभर जागा रिकामी होती, कुणासाठी राखून ठेवावी तशी. माळ धरलेला हात तिनं त्या जागेपर्यंत नेला; चिखलातलं पदक आठवलं. "माते, तूच सांभाळ," ती पुटपुटली. झाकण लावलं, रबर चढवलं आणि मूठ पदराखाली घेतली.

इंजिन करकरलं. विमान खारवट जमिनीवरून धावलं आणि अलगद उचललं गेलं.

कार्मिननं मान वर केली. ना नाक वर, ना शेपूट खाली. खाडीवरच्या उन्हात विमान वळलं तेव्हा पंख न हलवता तरंगणाऱ्या घारीसारखं दिसलं. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी फादर भाकर उंच धरतात तेव्हा होते, तशी शांतता तिच्या आत पसरली. मायकलनं डोक्यावरची टोपी काढली होती. थट्टा करायचंही विसरला.

"काका," तो हळूच म्हणाला, "कोणीतरी हातावर धरल्यासारखं जातंय वो!"

दहा मिनिटांनी विमान टेकलं. सिप्रियननं डोळे पुसले आणि तिच्याजवळ येऊन हलकेच बोलला.

"मागल्या वेळचं पदक तू उचललंस, ते मी पाहिलेलं. म्हटलं, यंदापण तू काहीतरी ठेवणारच. म्हणून तुझी माळ तोलून घेतली. बत्तीस ग्राम. तेवढं शिसं मी नाकात घातलंच नाय. माळ नसती, तर हे वर जाताच उलटलं असतं."

आणि हसत तो झाकणाचं रबर सोडवू लागला.

कार्मिननं पदराखालची मूठ उघडली. घामानं भिजलेली माळ तिच्या तळहातावर होती.