रविवारचे मार्क

फोनमधल्या बाईनं सावकाश पाच शब्द सांगितले. विहीर, कंदील, गूळ, चाक, आरसा. लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारते, असं म्हणून तिनं घड्याळ काढायला लावलं. जयवंताबाईनं फोनच्या काचेवर बोटानं गोल काढला, आकडे मांडले, सव्वाचार वाजवले.

"आता मघाचे शब्द सांगा."

"विहीर," जयवंताबाई म्हणाली. पुढचं काही येईना. तिनं मान वर केली. समोर खाटेवर बसलेला तिचा नवरा इंद्रभान मूठ उंच धरून हवेत झुलवत होता. कंदील. मग त्यानं बोट चाटलं. गूळ.

शब्द ओठांवर आले होते. तिनं ते गिळले आणि परीक्षा मधेच बंद करून टाकली.

"का गं? बराबर चाललं होतं की."

"तुमचं चाललं होतं."

माय एकच गोष्ट दोन-दोनदा विचारते म्हणून मोनिकानं, त्यांच्या जालन्यात नर्स असलेल्या लेकीनं, ही परीक्षा फोनमध्ये घालून दिली होती. रविवारी सोडवायची, मार्क तिला पाठवायचे. चार रविवार तीसपैकी अठ्ठावीस पडले. इंद्रभान खुणा करत होता, जयवंताबाई त्या घेत होती. चांगले मार्क कुणाला नको असतात?

पण परवा शुक्रवारी ती दळण घेऊन निघाली आणि आपल्याच गावच्या, टेंभुर्णीच्या चौकात उभी राहिली. घराकडची गल्ली कोणती, तेच कळेना. डोक्यावर पिठाचा डबा, पायांखाली पंचेचाळीस वर्षांचा रस्ता. शेवटी तिनं किराणा दुकानातल्या मीनाला विचारलं, "इंद्रभानचं घर कुठंशी हाय?" मीना खळखळून हसली. "काकू, मजाक करून राह्यल्या का?" जयवंताबाईही हसली. घरी येऊन मात्र तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

आता तिनं नवऱ्याला ते सांगितलं.

"मार्क कमी पडले तं मोनिका तुला जालन्याला घेऊन जाईन," इंद्रभान म्हणाला. "मंग मी हितं एकला काय करू?"

"आन् मी हितंच राह्यले, अन् एक दिवस तुम्हालाच वळखलं न्हाई, मंग काय करसाल?"

त्यानं खाटेवरून पाय खाली सोडले.

"उठा. गोठ्याकडं जा. मी हाक मारल्याबिगर येऊ नका."

तो गेला. जयवंताबाईनं पदर खोचला, परीक्षा पहिल्यापासून सुरू केली. या वेळी शब्द नवे होते. घड्याळ काढून झालं, बाईनं शब्द विचारले. समोर रिकामी खाट. 'मीठ' आठवलं. बऱ्याच वेळानं 'दोरी' आठवली. बाकीचे तीन कुठं गेले, देव जाणे. वेळ संपेपर्यंत ती खाटेकडं बघत तशीच बसली, पण हाक मारली नाही.

एकोणीस.

फोनमधली चार रविवारच्या मार्कांची सरळ रेघ एकदम खाली घसरली होती. पाठवू का, असं फोन विचारत होता. मागं जायचंही बटण होतं. जयवंताबाईनं पाठवायचं बटण दाबलं.

पाचच मिनिटांत मोनिकाचा फोन आला. आवाज घाबरलेला. "माय, हे काय? तब्येत बरी हाय ना? एका आठवड्यात एवढे कमी कसे?"

"एका आठवड्यात न्हाई. आधीचे चार रविवार तुझ्या अप्पांचे होते. त्यांचं डोकं बिलकुल ठणठणीत हाय, काळजी करू नको." जयवंताबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आजचे माझे हायेत. आता जल्दी डॉक्टरकडं माझा नंबर लाव."