गुरुवारचा आवाज

"आई, आज उशीर केलास," अंधारातून चिमणी म्हणाली.

"दुकानात गर्दी होती गं." आई घाईघाईने मावशींच्या समोर बसली.

पडदे ओढलेले होते. मेलेल्या माणसांशी बोलणं करून देणाऱ्या या मावशी मान खाली घालून बसायच्या आणि त्यांच्या गळ्यातून नऊ वर्षांच्या पोरीचा आवाज यायचा. चिमणी तापात गेली, तेव्हापासून आईचा एकही गुरुवार चुकला नव्हता. चर्चला जाणं मात्र सुटलं होतं. अन्नावर वासना राहिली नव्हती. गुरुवारच्या त्या घटकाभरावर ती आठवडा काढायची.

नवरा बस चालवायचा. सरळ माणूस. "चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतेस," तो म्हणायचा, "आणि तुला ढळढळीत समोरचं दिसत नाही. ती बाई तुझ्याच तोंडून ऐकते आणि तुलाच ऐकवते."

"ऐकवते तरी. तुम्ही तर तिचं नावही काढत नाही."

यावर तो उठून बाहेर जायचा.

एकदा पाळक घरी येऊन गेले. निघताना म्हणाले, "तुमची भूक खरी आहे, बाई. जेवण खोटं आहे. रविवारी या. प्रार्थना करू नका हवं तर, नुसत्या बसा."

तिने मान हलवली आणि दार लावून घेतलं.

त्या गुरुवारी मात्र चिमणी निराळंच बोलली. आवाज अगदी कानाशी आला.

"मला एकटीला करमत नाही, आई. रविवारी बाबा चर्चला गेले की गच्चीवर ये. कठड्याशी. मी हात धरीन तुझा."

मावशींनी झटकन दिवा लावला. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता.

"आज एवढंच. जा तुम्ही."

"पण ती आणखी काही..."

"जा म्हटलं ना!"

नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. शनिवारी सगळं घर झाडून काढलं, त्याच्या गणवेशाला इस्त्री केली, निघालेलं बटण लावलं. "आज बरं वाटतंय वाटतं तुला," तो म्हणाला. ती "हो" म्हणाली. इतका खूश झाला बिचारा, की रात्री स्वतः भांडी घासली.

रविवारी तो गेला. ती जिना चढली. गच्चीच्या दाराला एरवी कुलूप असायचं. आज दार सताड उघडं होतं.

कठडा कमरेएवढाच होता. खाली फरशीचं अंगण. तिने दोन्ही तळवे कठड्यावर टेकले आणि अंग पुढे झुकवलं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या चर्चमधून गाणं सुरू झालं. सगळ्यांच्या एक पाऊल पुढे, सगळ्यांच्या वर, एक भसाडा आवाज. नवऱ्याचा. तो गायला लागला की चिमणी कानांत बोटं घालून बाकाखाली शिरायची, हसून हसून बेजार व्हायची.

तिला हसू फुटलं. कठडा सोडून ती भिंतीच्या आधाराने खाली आली, आणि घरातल्याच कपड्यांत रस्ता ओलांडून मागच्या बाकावर जाऊन बसली.

प्रभुभोजनाला लोक उठले, तशी तीही उठली. पाळकांनी काही विचारलं नाही. भाकरीचा तुकडा मोडून तिच्या तळहातावर ठेवला. तो चिमुकला घास तिने रडत रडत खाल्ला. किती दिवसांनी काहीतरी आत उतरलं, आणि उतरून तिथे राहिलं.

नवऱ्याने तिला पाहिलं आणि तो गायचाच थांबला. शेजारी येऊन बसला. तिने हळूच त्याच्या कानात गच्चीचं सांगितलं. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं ते उपासना संपेपर्यंत सोडलं नाही.

बाहेर पायरीशी मावशी उभ्या होत्या.

"तुम्ही!" तो अंगावर धावून गेला. "माझी बायको मारायला निघाला होतात! पोरीच्या आवाजात!"

मावशी मागे सरल्या नाहीत. त्या त्याच्या खांद्यावरून चर्चच्या दाराकडे बघत होत्या.

"आधी तुमच्याच घरी गेले होते, यांना गच्चीवर जाऊ नका म्हणून सांगायला. घर उघडं होतं." त्यांनी हात जोडले. "तुमचं खरं आहे, दादा. लबाडी केली मी. इतके दिवस चिमणीचा आवाज मीच काढत होते. मला आत येऊ द्या. मला घरी जायची भीती वाटते."

"आता भीती कसली?"

"या गुरुवारी मी तोंडच उघडलं नव्हतं."