अरबी येणारी बाई

सिस्टर मंदाकिनींनी मोबाईल टेबलावर उभा केला, त्याच्याकडे वाकून मराठीत विचारलं, "अंगावरून जातंय का? रक्त?" आणि मोबाईलमधल्या भाषांतराच्या ॲपनं पुरुषी आवाजात तेच खणखणीत अरबीत विचारलं.

विश्रांतवाडीचा तो सरकारी दवाखाना माणसांनी भरला होता. मराठी सगळ्यांनाच कळलं. अरबी कळणारा पुरुष एकच होता आणि तो इसराच्या खुर्चीशेजारीच उभा होता. तिचा धाकटा दीर.

इसराला सुदानहून येऊन महिनाही झाला नव्हता. लढाईतून निसटून ती इथे शिकणाऱ्या दिराच्या खोलीवर आली होती, सातवा महिना पोटात घेऊन. भरली घागर हिंदकळू नये तशी ती बसली होती. प्रश्न ऐकून तिनं मान खाली घातली आणि 'नाही' अशी हलवली. दीर भिंतीवरचं डासांचं चित्र बघू लागला.

"नाही म्हणते. मग सोमवारी या, गरोदर बायकांचा वार सोमवार." सिस्टरनी पुढचा नंबर पुकारला.

इसरा उठेना.

सिस्टरची नजर रांगेतल्या कमरजहांबाईंवर गेली. बाई निवृत्त शिक्षिका, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या.

"बाई, जरा या हो इकडे. तुमच्यातली आहे. सोमवारी ये म्हणावं तिला."

"आमच्यातली? ती सुदानची आहे, सिस्टर. माझं माहेर कसबा पेठ."

"पण तुम्हाला अरबी येतं ना?"

येत होतं. लहानपणी गल्लीतल्या कुराण शिकवणाऱ्या उस्तानीनं गिरवून घेतलं होतं. कुठं थांबायचं, कुठं सूर ओढायचा, सगळं. अर्थ तेवढा कुणी सांगितला नव्हता. आयुष्यभर त्या रोज पहाटे अरबी वाचत आल्या होत्या, आणि 'कुठं दुखतंय गं तुला' एवढं त्यांना त्या भाषेत विचारता येत नव्हतं.

त्यांनी जवळ जाऊन सलाम केला. सलाम ऐकताच इसराचा चेहरा उजळला, ती घाईघाईनं कुजबुजू लागली. मग दिराकडे नजर गेली आणि ओठ मिटले.

"भाभी ठीक है, मॅडम," दीर म्हणाला.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या वळल्या, आणि वर्गात काढायच्या तो आवाज त्यांनी काढला.

"सिस्टर, तुम्हाला शेवटची पाळी कधी आली होती?"

"काय?"

"मोठ्यानं सांगा. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

पुरुष आपापल्या चपला बघू लागले. सिस्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आतल्या खोलीतून डॉक्टर सलिल बाहेर आले.

"काय चाललंय? बाई, तुमच्यामुळे रांग खोळंबलीय."

"खोळंबू दे. आपण जरा बाहेर बसा. त्या बाकावर जागा आहे."

"ही माझी खोली आहे."

"म्हणूनच. दार तिलाच आहे."

इसराला हाताला धरून त्यांनी आत नेलं आणि कडी लावली.

आत इसरा बोलली. जात्याच्या पाळीतून पीठ सांडावं तसे शब्द सांडत राहिले, आणि बाईंना त्यातली अक्षरं ओळखू येत होती, शब्द एकही नाही. त्यांचे कान तापले. सिस्टरचा राग, त्या मोबाईलचा राग, कधीच मरून गेलेल्या उस्तानीचा राग.

"नाही कळत गं," त्या मराठीतच म्हणाल्या. "माझे बाई, मला नाही कळत."

इसरा थांबली. तिनं त्यांचा हात धरला, आपल्या झग्याच्या मागच्या बाजूला नेला आणि टेकवला. झगा काळा होता, त्यावर काही दिसत नव्हतं. हात मात्र ओला झाला.

बाईंनी कडी काढली. दारात डॉक्टर उभे होते, त्यांच्यामागे सिस्टर.

"काय म्हणाली?" डॉक्टरांनी विचारलं.

कमरजहांबाईंनी लाल झालेला तळहात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"वाचा," त्या म्हणाल्या.