गच्चीवरचा बल्ब

खत बदलून झालं, मोठी कुंडी आणून झाली, तरी गच्चीवरचं गांजाचं झाड काही फुलावर येईना. आईला सुजयने ते झेंडूचं म्हणून सांगितलं होतं.

शेवटी त्याने मित्राला वर नेलं. मित्राने झाडाऐवजी कुंडीवरच्या बल्बकडे बोट दाखवलं.

"हा रात्रभर चालू असतो?"

"हो, आई लावते."

"मग कशी येणार फुलं? याला रात्री मिट्ट काळोख लागतो."

मित्र गेल्यावर सुजय स्वयंपाकघरात आला. आई मेथी निवडत होती.

"आजपासून गच्चीवरचा बल्ब लावू नकोस गं. झेंडूला त्रास होतो."

"झेंडूचा वास मला कळतो," ती मान वर न करता म्हणाली. "माझ्या माहेरी शेवंतीचा मळा होता. फुलं उशिरा यायला हवी असली की बाबा रात्री मळ्यात बल्ब लावायचे."

"मग उपटूनच का नाही टाकलंस?"

"तू दुसरं लावलं असतंस. म्हटलं, वाट बघून कंटाळलास की तूच उपटशील." तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या. "दिवेलागण झाली. आज तू जा वर. बल्ब लाव, नाहीतर नको लावूस. रोज जिना चढून माझे गुडघे गेले."

बऱ्याच वेळाने तो मातीने भरलेली नुसती कुंडी घेऊन खाली आला. आईने चिमूटभर माती बोटांत चुरून पाहिली.

"चांगली आहे," ती म्हणाली. "शेवंती येईल यात."