काजळाचं बोट

मेल्यावर आपले सगळे अवयव दान करायचे, असा फॉर्म यशोदाबाईंनी हिंगोलीच्या शिबिरात भरला आणि त्या दिवसापासून त्यांची मान ताठ झाली. दात्याचं कार्ड त्यांनी देवघरात ठेवलं. पुसेगावात आल्यागेल्याला ते दाखवून झालं.

"माझा जलम चुलीपुढं गेला, पर माझे डोळे माझ्यामागं जग पाहतील," असं त्या सुनेला ऐकवायच्या. सीमालाही सासूचं कौतुक होतं.

एका दुपारी अंगणात हळद वाळत घालताना यशोदाबाईंच्या डोळ्यात कचरा गेला. सीमानं त्यांची पापणी वर केली, फुंकर घालायला ती वाकली आणि तशीच थांबली.

बुबुळात सीमाचा चेहरा नव्हता. तिथं लाल रिबिनी बांधलेली कुणाची तरी पोरगी होती, आरशात पाहावं तशी टक लावून पाहणारी.

"काहून थांबलीस गं?"

"आत्याबाई, तुमच्या डोळ्यात कुणीतरी..."

"दिसली व्हय तुला?" म्हातारीनं ऐटीत हनुवटी वर केली. "माझे डोळे जिला मिळायचे, तीच ही. रोज येती. नटायची लई हौस हाय तिला."

बुबुळातल्या पोरीनं काजळाचं बोट उचललं, अन् नवरा गेल्यापासून काजळ न शिवलेल्या यशोदाबाईंच्या पापणीवर सावकाश काळी रेघ उमटत गेली.